कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये एम.टेक.: गेटच्या अर्जापासून डिझर्टेशनच्या व्हायवापर्यंत

बी.ई.ला नेटवर्क्स हा एका सेमिस्टरचा विषय असतो. सात थर पाठ केले, सबनेटिंगची दोन गणितं सोडवली की पेपर निघतो. एम.टेक.ला प्रश्नच बदलतो. टीसीपी कसं चालतं एवढं सांगून भागत नाही. एक गिगाबिटच्या लिंकवर मोजल्यावर ९४१ मेगाबिटच का दिसतात, उरलेले ५९ कुठे गेले, हे सांगता आलं पाहिजे. नेटवर्क मोजायचं आणि आलेल्या आकड्याचं कारण द्यायचं, हेच या दोन वर्षांचं खरं काम आहे. प्रवेशाच्या गडबडीत ते मागे पडतं, आणि तिसऱ्या सेमिस्टरला हाती काहीच नाही असं लक्षात येतं.

हा लेख महाराष्ट्रातून एम.ई. किंवा एम.टेक. करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. प्रवेशाचा भाग थोडक्यात आहे, अभ्यास आणि प्रयोगांचा सविस्तर.

१. पदवीच्या नावापेक्षा विभाग पाहा

‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ असं थेट नाव असलेली पदवी मोजक्याच ठिकाणी मिळते. बहुतेक ठिकाणी पदवी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची असते आणि नेटवर्किंग इलेक्टिव्ह व डिझर्टेशनमधून येतं. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन विभागातही कम्युनिकेशन नेटवर्क्सचा प्रवाह असतो. वायरलेस आणि ५जीकडे ओढा असेल तर तोच जास्त सोयीचा. रूटिंग, डेटा सेंटर, इंटरनेट मापन यांत रस असेल तर कॉम्प्युटर विभाग बरा.

पर्याय भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, मागच्या दोन वर्षांत कोणते इलेक्टिव्ह प्रत्यक्ष शिकवले गेले. अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये दहा नावं असतात, पण विद्यार्थी कमी असले की त्यातले दोनच चालतात. दुसरी, विभागातल्या कोणत्या प्राध्यापकांचे मागच्या तीन-चार वर्षांतले पेपर नेटवर्किंगवर आहेत. एकही नसेल तर तुमचा गाईड दुसऱ्याच विषयातला असणार. तिसरी, लॅबमध्ये विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानं मांडणी करता येईल असे स्विच आणि लिनक्स मशीन आहेत का. सध्या शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन केला तर दहा मिनिटांत तिन्ही उत्तरं मिळतात.

बी.एस्सी. झालेल्यांना थेट एम.टेक. मिळत नाही. त्यांचा रस्ता एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा एम.सी.ए.मधून जातो. आणि ज्यांना नेटवर्क चालवण्याची नोकरी लवकर हवी आहे, संशोधन किंवा प्रॉडक्ट डेव्हलपमेंट नको आहे, त्यांच्यासाठी सीसीएनए आणि त्यापुढची प्रमाणपत्रं अधिक सरळ पडतात. दोन्हींचा उपयोग वेगळा आहे. सीसीएनए राउटर कॉन्फिगर करायला शिकवते, एम.टेक.मध्ये तो राउटर तसा का बनवला हे तपासायचं असतं.

२. गेट: किती आणि कशासाठी

गेट ही एम.टेक. प्रवेशासाठीची राष्ट्रीय परीक्षा. तिचा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो. त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे. सीएस (कॉम्प्युटर सायन्स) पेपरमध्ये साधारण १३ गुण इंजिनिअरिंग मॅथ्सला जातात. एक गुणाच्या बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक तृतीयांश गुण कापतात, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. अनेक अचूक पर्याय असलेल्या आणि संख्या टाईप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा ते कोरे सोडू नका. अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मार्चमध्ये लागतो. स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते, आणि ती संधी घ्यावी.

फक्त नेटवर्क्सच्या जोरावर गेट निघत नाही. त्या विषयाला पेपरमध्ये दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी गुण असतात. आवडतं म्हणून तिथेच रेंगाळू नका. ऑपरेटिंग सिस्टिम्स, अल्गोरिदम आणि प्रोबॅबिलिटी पक्क्या करा, या तिन्ही पुढेही लागतात. नेटवर्क्समध्ये स्लायडिंग विंडो, सीआयडीआर, फ्रॅगमेंटेशन, डिस्टन्स व्हेक्टर आणि टीसीपीचं कंजेशन कंट्रोल यांवर संख्यात्मक प्रश्न येतात. ते हातानं सोडवा. बीजीपी (इंटरनेटवरच्या नेटवर्कांमधलं रूटिंग), एसडीएन (सॉफ्टवेअरनं नियंत्रित नेटवर्क), क्विक (टीसीपीला पर्याय असलेला नवा प्रोटोकॉल) हे गेटच्या अभ्यासक्रमात नाहीत, ते प्रवेशानंतरचं काम आहे.

गुण, स्कोअर आणि रँक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी १००० पैकी असलेला स्कोअर पाहतात. जुन्या कट-ऑफशी तुलना करताना मार्क आणि स्कोअर यांची गल्लत हमखास होते.

३. प्रवेशाचे तीन वेगळे रस्ते

आयआयटीसाठी प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कोॲप हे पोर्टल फक्त ऑफर दाखवायला आणि स्वीकारायला आहे. तिथे नोंदणी केली म्हणजे आयआयटीला अर्ज झाला, असा समज करून बसलेल्यांचं वर्ष जातं. निकालानंतर अर्जाची मुदत छोटी असते, म्हणून मार्चच्या मध्यापासून रोज पाहा.

एनआयटी, बऱ्याच ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या अनुदानावरच्या इतर संस्था सीसीएमटी या सामायिक समुपदेशनातून भरल्या जातात. तिथे पर्यायांचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. वरचा पर्याय मिळाला की खालचे गळतात.

महाराष्ट्रातली शासकीय, अनुदानित आणि खासगी महाविद्यालयं राज्य सीईटी कक्षाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून येतात. २०२२ मध्ये विद्यापीठ झालेलं पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय यांसारख्या स्वायत्त संस्थांच्या बाबतीत त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. कॅपमध्ये गेटधारकांना आधी जागा मिळतात, उरलेल्या जागांवर पदवीच्या गुणांवर बिगर-गेट विद्यार्थी येतात. पदवीला किमान ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५.

४. कागदपत्रांची फाईल

ही फाईल गेटचा अर्ज भरतानाच लावायला घ्या:

- दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
- पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- गेट स्कोअरकार्ड
- सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र
- कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन
- डोमिसाईल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस
- उत्पन्नाचा दाखला
- आधार, आणि शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

यात सगळ्यात जास्त घात जात वैधता प्रमाणपत्र करतं. समितीकडे प्रकरण महिनोन्‌महिने राहू शकतं. पदवीच्या वेळी काढलं नसेल तर आजच अर्ज करा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला जुलैच्या फेरीत चालेलच असं नाही.

दुसरा सापळा नमुन्याचा. सीसीएमटी आणि आयआयटीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रीय संस्थांत त्याचा लाभ नाही. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात दोन्ही नमुने वेगवेगळे मागून घ्या.

५. विद्यावेतन

गेट पात्र होऊन पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीई मान्यताप्राप्त संस्थांत दरमहा १२,४०० रुपये मिळतात, २४ महिन्यांपर्यंत. आयआयटीतही हीच रक्कम असते आणि तिच्या बदल्यात आठवड्याला आठ तास टीएचं (अध्यापनात मदतीचं) काम. प्रवेशाच्या वेळीच गेटचा स्कोअर वैध असावा लागतो. बिगर-गेट जागेवर येऊन नंतर गेट दिली तर विद्यावेतन सुरू होत नाही. म्हणून साधारण स्कोअरही वाया घालवू नका, गेटधारक म्हणूनच प्रवेश घ्या.

बँक खातं तुमच्या एकट्याच्या नावावर, आधारशी जोडलेलं आणि व्यवहारांवर मर्यादा नसलेलं हवं. जनधन किंवा आईवडिलांबरोबरचं संयुक्त खातं चालत नाही. कॉलेजनं एआयसीटीईच्या पोर्टलवर तुमची नोंद केल्यावर युनिक आयडी मिळतो, मग तुम्ही कागद चढवायचे. दर महिन्याची हजेरी कॉलेजनं भरली की पैसे येतात. ती भरणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा.

६. पहिल्या लेक्चरआधी मशीन तयार ठेवा

१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू, एवढं पुरतं. ८ जीबीवर तीन-चार व्हर्च्युअल राउटर उभे केले की मशीन अडकतं. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, त्याऐवजी रॅम वाढवा. उबंटूची एलटीएस आवृत्ती मूळ ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून टाका. विंडोजच्या आतल्या व्हर्च्युअल मशीनवर शिकता येतं, पण तिथे मोजलेल्या वेळेवर विश्वास ठेवता येत नाही.

सोबत चारेक हजारांच्या आत बसणारं सामान जमवा: एक यूएसबी-इथरनेट ॲडॉप्टर, दोन-तीन कॅट-६ केबल, पाच पोर्टचा गिगाबिट स्विच. वायफायवर काम करणार असाल तर मॉनिटर मोड चालणारा यूएसबी ॲडॉप्टर घ्या. चिपसेटचं नाव पाहून लिनक्समध्ये तो चालतो याची खात्री दुकानात पैसे देण्याआधीच करा.

पहिल्या महिन्यात या गोष्टी हाताखालून जाऊ द्या: पॅकेटं पकडणारे टीसीपीडम्प आणि वायरशार्क, वेग मोजणारं आयपर्फ-३, लिनक्सचे नेटवर्क नेमस्पेस, एफआरराउटिंग या राउटर सॉफ्टवेअरवर ओएसपीएफ आणि बीजीपी हे रूटिंग प्रोटोकॉल, आणि सी किंवा पायथनमध्ये सॉकेट प्रोग्रॅमिंग. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर शिकायला छान आहे, मात्र तो ठरावीक कमांडची नक्कल करतो. त्यातले आकडे डिझर्टेशनमध्ये घालता येत नाहीत.

७. गणित टाळू नका

पहिल्या सेमिस्टरला ॲडव्हान्स्ड नेटवर्क्सच्या पेपरमध्ये बहुतेकांना क्यूइंग थिअरी (रांगांचं गणित) आडवी येते. तिचं भय वाटतं ते सूत्रं सुटी पाठ केल्यामुळे. एकच उदाहरण नीट करा. लिंक १० मेगाबिटची, पॅकेट सरासरी १२५० बाइटचं, म्हणजे १०,००० बिटचं. लिंक सेकंदाला १००० पॅकेटं पाठवू शकते. एम/एम/१ या एका रांगेच्या मॉडेलमध्ये एकूण विलंब म्हणजे १ भागिले (सेवादर वजा आगमनदर). सेकंदाला ८०० पॅकेटं आली तर विलंब ५ मिलिसेकंद. ९५० आली तर २०. ९९० आली तर १००. भार ८० टक्क्यांवरून ९९ वर गेला आणि विलंब वीसपट झाला. लिंक पूर्ण भरेपर्यंत नेटवर्क चालवणं का परवडत नाही, हे या तीन आकड्यांत आहे. लिटलचा नियम लावून पाहा: ८०० गुणिले ०.००५, म्हणजे सरासरी चार पॅकेटं सिस्टिममध्ये.

दुसरं असंच एक गणित बँडविड्थ-डिले प्रॉडक्टचं. १०० मेगाबिटची लिंक, आरटीटी (पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याचा वेळ) ५० मिलिसेकंद, म्हणजे ६,२५,००० बाइट वाटेत मावतात. टीसीपीची विंडो (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६५,५३५ बाइटच असेल तर लिंक कितीही मोठी असो, वेग साडेदहा मेगाबिटवर अडकतो. विंडो स्केलिंग का आणलं ते यातून कळतं.

सिम्युलेशनचे निकाल वाचायला कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा) काढता येणं आवश्यक आहे. दहा स्वतंत्र रन केले तर ९५ टक्क्यांसाठी टी-मूल्य २.२६२ घ्यायचं, १.९६ नाही. ही बारीक गोष्ट व्हायवात विचारली जाते.

८. आरएफसी आणि पेपर कसे वाचायचे

पाठ्यपुस्तकात प्रोटोकॉलचा सारांश असतो, मूळ शब्द आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत. वाचायला घेण्याआधी माथ्यावर ती अजून लागू आहे का ते पाहा. टीसीपीची ७९३ ही १९८१ ची आरएफसी अजूनही प्रबंधांत उद्धृत होते, पण ऑगस्ट २०२२ पासून तिची जागा ९२९३ नं घेतली आहे. क्यूबिक या कंजेशन कंट्रोलच्या पद्धतीसाठी ९४३८, क्विकसाठी ९०००, आयपीव्ही६ साठी ८२००, बीजीपीसाठी ४२७१. प्रत्येकीची एराटा (चुकांच्या दुरुस्तीची) यादीही उघडा. ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांचा अर्थ २११९ मध्ये ठरवून दिला आहे. या दोन शब्दांतल्या फरकामुळे दोन कंपन्यांची उपकरणं वेगळी वागतात, आणि तिथे चांगले डिझर्टेशनचे प्रश्न सापडतात.

पेपर तीन फेऱ्यांत वाचा. पहिली दहा मिनिटांची: शीर्षक, सारांश, आकृत्या, निष्कर्ष. दुसरी तासाभराची: आलेखांचे अक्ष, प्रयोगाची मांडणी, कशाशी तुलना केली. तिसरी फक्त त्या पाच-सहा पेपरांसाठी ज्यांच्यावर तुमचं काम उभं राहणार आहे. त्यात लेखकांची गृहीतकं एकेक करून काढून पाहायची.

सुरुवात नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या कंजेशनवरच्या पेपरनं करा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरचा, डेटाचा वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला होता. त्याचं कारण शोधताना स्लो स्टार्ट आणि कंजेशन अव्हॉयडन्स टीसीपीत आले. आधी बिघाड मोजला, मग उपाय सुचवला. चांगल्या पेपरची रचना अशी असते, हे तो वाचताना उमगतं. त्यानंतर सिगकॉम, एनएसडीआय, आयएमसी या परिषदांचे मागच्या तीन वर्षांतले पेपर चाळा, बरेचसे मोफत मिळतात. भारतात बंगळुरूला जानेवारीत होणारी कॉमस्नेट्स ही विद्यार्थ्यांना झेपणारी चांगली परिषद आहे.

९. प्रयोग: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

साधनांचे तीन प्रकार. सिम्युलेटरमध्ये, उदाहरणार्थ एनएस-३ मध्ये, वेळही कृत्रिम असतो. त्यामुळे मोठं नेटवर्क चालतं, पण प्रोटोकॉलचा कोड खरा नसतो. एम्युलेटर, उदाहरणार्थ मिनीनेट, लिनक्सचा खरा कोड चालवतो, मात्र सगळे होस्ट एकाच सीपीयूवर असतात. तिसरं म्हणजे खरी उपकरणं. प्रश्न पाहून साधन निवडा. पाचशे नोडचं वायरलेस नेटवर्क मिनीनेटवर होणार नाही, आणि लिनक्सच्या टीसीपीचा नेमका वेग एनएस-३ सांगणार नाही.

एनएस-२ ची शेवटची आवृत्ती २.३५ ही २०११ ची. नवीन कामाला ती घेऊ नका, मार्गदर्शक सुचवत असतील तरी नम्रपणे एनएस-३ मागा. एनएस-३ मध्ये ३.३६ पासून बिल्ड पद्धत बदलून सीमेक आली. इंटरनेटवरचे बरेच धडे जुन्या वॅफ पद्धतीचे आहेत, त्यामुळे पहिल्याच दिवशी कमांड चालत नाही आणि इन्स्टॉलेशन बिघडलं असं वाटतं. आपल्या आवृत्तीबरोबरचं अधिकृत ट्युटोरियलच वापरा. दुसरी गोष्ट: एनएस-३ मध्ये रँडम सीड ठरलेला असतो. प्रोग्रॅम दहा वेळा चालवला तर दहाही वेळा तेच उत्तर येतं. स्वतंत्र रनसाठी सीड तोच ठेवून रन क्रमांक बदलायचा. दहा सारख्या उत्तरांची सरासरी काढून ‘अत्यंत स्थिर निकाल’ असं लिहिलेले प्रबंध परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत.

मिनीनेटमध्ये सगळ्या लिंकच्या वेगांची बेरीज तुमच्या मशीनच्या ताकदीबाहेर गेली की आकडे खोटे पडतात. लिंक १०० मेगाबिटच्या आत ठेवा, रन चालू असताना सीपीयूचा वापर पाहा. तो शंभर टक्क्यांना टेकला तर तो रन फेकून द्या. प्रोग्रॅम मधेच बंद पडला तर जुने इंटरफेस मागे राहतात, पुढच्या रनआधी क्लीनअपचा पर्याय चालवा.

नेटेम या लिनक्सच्या साधनानं विलंब घालताना दोन गोष्टी सांभाळा. तो फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना लागतो. दोन्ही टोकांना ५० मिलिसेकंद घातले तर आरटीटी १०० होतो. आणि त्याची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. एक गिगाबिट आणि १०० मिलिसेकंद असतील तर वाटेत सुमारे ८,३०० पॅकेटं मावायला हवीत, त्यामुळे तुम्ही न घातलेला पॅकेट लॉस दिसू लागतो. मर्यादा वाढवून मगच मोजा.

आयपर्फ-३ मधला तो ९४१ चा आकडा बिघाड नाही. १५०० बाइटच्या एमटीयूमधून (पॅकेटच्या कमाल आकारातून) आयपी, टीसीपी आणि टाइमस्टॅम्पचे ५२ बाइट गेले की १४४८ उरतात. तारेवर मात्र प्रीॲम्बल, हेडर, एफसीएस आणि फ्रेममधली मोकळी जागा धरून १५३८ बाइट जातात. १४४८ भागिले १५३८, म्हणजे ०.९४१. यूडीपीला एकच मेगाबिट मिळत असेल तर घाबरू नका, आयपर्फ-३ यूडीपीला न सांगता तेवढाच दर धरतो, तो स्वतः द्यावा लागतो. टीसीपीचा रन दहा सेकंदांऐवजी साठ सेकंदांचा घ्या आणि सुरुवातीचे काही सेकंद वगळायचा पर्याय लावा, म्हणजे स्लो स्टार्ट सरासरीत मिसळत नाही.

वायरशार्कमध्ये १५०० पेक्षा मोठी पॅकेटं दिसली की नवखे गोंधळतात. ती टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ या ऑफलोडमुळे दिसतात. पाठवताना मोठं पॅकेट वायरशार्कनं टिपल्यानंतर कापलं जातं, आणि आलेली छोटी पॅकेटं कर्नल त्याआधीच जोडतो. पॅकेटच्या आकाराचा अभ्यास असेल तर ईथटूल या कमांडनं हे तिन्ही बंद करा. लिनक्स आधीच्या कनेक्शनची काही टीसीपी मोजमापंही लक्षात ठेवतो, त्यामुळे दुसरा रन पहिल्यावर अवलंबून राहतो. मेट्रिक्स न साठवण्याची कर्नल सेटिंग चालू करून मगच तुलना करा. आणि कोणतं कंजेशन कंट्रोल चालू आहे ते लिहून ठेवा. लिनक्सवर तुम्ही काही बदललं नसेल तर ते क्यूबिक असतं, जुनं रेनो नाही.

पूर्ण पॅकेटं साठवली तर भरलेली गिगाबिट लिंक मिनिटाला साडेसात जीबी खाते. हेडरपुरते ९६ बाइट घेतले की सेकंदाला नऊ-दहा एमबीवर येतं. दोन मशीनमधला एका दिशेचा विलंब मोजायचा असेल तर घड्याळं जुळलेली हवीत. इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची चूक काही मिलिसेकंदांची असू शकते, आणि तुमचा मोजायचा विलंब दोनच मिलिसेकंदांचा असेल तर सगळं वाया. अशा वेळी आरटीटी मोजा किंवा घड्याळं अधिक अचूक जुळवणारा पीटीपी वापरा.

कॉलेज किंवा होस्टेलच्या नेटवर्कवर इतरांची रहदारी पकडायची असेल तर नेटवर्क प्रशासकाची आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या. परवानगीशिवाय केलेली गोष्ट माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येऊ शकते, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. आयपी पत्ते साठवण्याआधी बदलून टाका.

१०. डिझर्टेशनचा विषय

एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात ६८ क्रेडिटपैकी २६ डिझर्टेशनची आहेत: पहिल्या टप्प्याची १०, दुसऱ्याची १६. म्हणजे पदवीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग. तरीही विषय सिनॉप्सिसच्या आदल्या आठवड्यात ठरतो, आणि तो बहुधा ‘अमुक अल्गोरिदम वापरून ऊर्जाबचत करणारा नवा संकरित रूटिंग प्रोटोकॉल’ असा असतो. असे विषय घेऊ नका. त्यात दोन जुन्या पद्धतींची मोळी बांधून तिसरीवर मात केल्याचं दाखवतात, आणि त्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

चांगला विषय छोटा असतो आणि त्यात मोजता येईल असा प्रश्न असतो. होस्टेलच्या संध्याकाळच्या गर्दीत वायफाय राउटरवर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत चालू केल्यानं व्हिडिओ कॉलचा विलंब किती घटतो? भारतातल्या नेटवर्कांचे किती बीजीपी मार्ग आरपीकेआय या डिजिटल स्वाक्षरीच्या पद्धतीनं प्रमाणित आहेत आणि कोणते चुकीचे ठरतात? लॉस असलेल्या मोबाइल लिंकवर क्विक आणि टीसीपी यांत पान उघडायला किती फरक पडतो? यांतल्या दुसऱ्या प्रश्नाला एक रुपयाचंही उपकरण लागत नाही. राउटव्ह्यूज आणि राइप आरआयएसचा बीजीपी डेटा सर्वांना खुला आहे. जपानच्या वाइड प्रकल्पाचे मावी ट्रेस रोज पंधरा मिनिटांचे मिळतात.

इन्ट्रुजन डिटेक्शन (नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं) हा विषय घेणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना: केडीडी-९९ डेटासेट वापरू नका. तो १९९८ च्या कृत्रिम रहदारीतून काढलेला आहे. त्यावर ९९ टक्के अचूकता कोणालाही मिळते, आजच्या नेटवर्कबद्दल तिच्यातून काही कळत नाही.

वेळापत्रक असं ठेवा. दुसऱ्या सेमिस्टरच्या मध्यावर क्षेत्र ठरवा. उन्हाळ्यात एका चांगल्या पेपरमधला एकच आलेख स्वतः पुन्हा काढून पाहा. तो जुळला नाही तर का, हे शोधण्यातच बऱ्याचदा विषय मिळतो. तिसऱ्या सेमिस्टरला मांडणी आणि पहिले निकाल. चौथ्या सेमिस्टरच्या दहाव्या आठवड्यानंतर नवा प्रयोग सुरू करू नका, लिहायला सहा आठवडे लागतात.

११. नोंदी, लेखन, प्रसिद्धी

प्रत्येक रनची एक ओळ नोंदवा: तारीख, कर्नल आणि साधनाची आवृत्ती, सगळे पॅरामीटर, रन क्रमांक, फाईलचं नाव. कोड गिटमध्ये ठेवा. मूळ डेटाला हात लावू नका, आलेख स्क्रिप्टनंच काढा. गाईडनं ‘बफर दुप्पट करून पाहा’ म्हटलं की ज्याच्याकडे स्क्रिप्ट आहे त्याचं काम एका रात्रीत होतं, इतरांचा महिना जातो. आलेखाच्या अक्षाला एकक हवंच. मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे. सरासरीबरोबर ९५ किंवा ९९ वा पर्सेंटाइलही द्या, कारण माणसाला जाणवतो तो सगळ्यात वाईट विलंब.

पेपर छापायची अट असेल तर आठ दिवसांत स्वीकारून पैसे मागणाऱ्या जर्नलपासून दूर राहा. संपादक मंडळातली नावं शोधून पाहा, ‘इंडेक्स्ड’ असल्याचा दावा त्या निर्देशिकेच्या संकेतस्थळावर जाऊन तपासा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. पूर्वीच्या कामाचा आढावा दुसऱ्याच्या प्रबंधावरून उतरवला की नेमकं तिथेच अडकतात. पेपर स्वतः वाचून, बंद करून, मग लिहा.

१२. व्हायवा आणि नोकरीची मुलाखत

बाहेरचे परीक्षक बहुधा तीन प्रश्न विचारतात: तुलना कशाशी केली आणि का, रन किती घेतले, आणि तुमची पद्धत कुठे चालत नाही. तिसऱ्याचं उत्तर प्रबंधातच एका प्रकरणात लिहिलेलं असावं. नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतीत सी भाषा, पॉइंटर, ट्राय या झाडासारख्या डेटा-रचनेत लाँगेस्ट प्रीफिक्स मॅच, आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं, हे विचारतात. या शेवटच्या प्रश्नाची तयारी वायरशार्कच्या एका कॅप्चरवर करा: एआरपी, डीएनएस, टीसीपीचा हँडशेक, टीएलएस, मग एचटीटीपी. प्रत्येक पॅकेट का गेलं ते मोठ्यानं सांगत शेवटपर्यंत या, आणि जिथे अडखळाल त्या प्रोटोकॉलची आरएफसी त्याच दिवशी उघडा.